टी-शर्टची भोकं आणि कालच बदललेली सुई : एका शिवणकेंद्रातलं प्रकरण

शाळा जूनच्या मध्यावर सुरू झाली आणि महिना संपायच्या आत पी.टी.चे टी-शर्ट परत यायला लागले. तक्रार सगळ्यांची एकच. बटणपट्टीच्या टिपेला लागून, गळ्याच्या पट्टीखाली आणि खालच्या दुमडीवर बारीक बारीक भोकं पडलेली होती. टाचणीच्या टोकाएवढी असतील. काही टी-शर्टांवर त्या भोकांतून वरच्या दिशेने उभी रेघ उसवत गेली होती. माल दिला तेव्हा यातलं काहीच दिसत नव्हतं. इस्त्री करून, घडी घालून, पिशवीत भरून दिलेला माल होता आणि शाळेतल्या बाईंनी तो तपासून घेतला होता. एक-दोन धुण्यांत हे उघडं पडलं.

हे केंद्र सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचं आणि गटाचं नाव इथे देत नाही. बचतगटाच्या बायका मिळून ते चालवतात. तीन जुकी, दोन पायमशिनं मोटर लावून घेतलेली आणि कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक, एवढा संसार. (जुकी म्हणजे इथे कुठली कंपनी धरू नका. एका सुईच्या कारखानी मशीनला आपल्याकडे सरसकट जुकीच म्हणतात.) एप्रिल आणि मे हे त्यांचे कमाईचे महिने. टेरिकॉटचे हाफ शर्ट, पँटी, स्कर्ट आणि त्यांच्या जोडीला होजिअरीच्या मॅटी कापडाचे रंगीत टी-शर्ट. सोलापूर शहरात गणवेशाचा धंदा मोठा असल्यामुळे आजूबाजूच्या तालुक्यांतही हे काम झिरपतं. मी शिवणकामाचं प्रशिक्षण देते. या केंद्रातल्या निम्म्या बायका माझ्या वर्गातून गेलेल्या, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी पोचेपर्यंत बरेच उपाय करून झाले होते. पहिला संशय कापडावर गेला. व्यापाऱ्याने गठ्ठ्यातला उरलेला तागा उजेडात धरून दाखवला, त्यात एकही भोक नव्हतं. मग दोरा बदलला. स्वस्तातला काढून चांगल्या पॉलिस्टरचे कोन आणले, भोकं तशीच. मग मिस्त्री आला. त्याने दोऱ्याचा ताण ढिला केला, शटल (बॉबिनभोवती फिरून वरचा दोरा खालच्यात गुंफणारा भाग) पुसलं, तेल घातलं आणि पैसे घेऊन गेला. ताण ढिला केल्यावर टी-शर्टचं काही सुधारलं नाही, उलट टेरिकॉटच्या शर्टांवर खालच्या बाजूने दोऱ्याचे फुगे दिसायला लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार.

सुईचा विचार कुणी केलाच नाही असं मात्र नव्हतं. गटाच्या अध्यक्ष ताईंनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. त्यावर तिसऱ्या जुकीवर बसणारी मुलगी म्हणाली, "ताई, माझी सुई तर कालच बदलली की. मोडली होती, नवी घातली. आन् भोकं माझ्याच मशीनवर जास्त पडायलीत." हे तिचं म्हणणं अगदी खरं होतं. त्यामुळेच सुई संशयातून सुटली. नव्या सुईवर जास्त भोकं पडत असतील तर सुईचा दोष कसा, हा सरळ हिशोब सगळ्यांना पटला. या प्रकरणाची गाठ नेमकी इथे आहे.

भोक वाचायचं कसं

सोलापूर भागात यंत्रमागाची वहिवाट असल्याने एक गोष्ट सहज मिळते : पिक ग्लास. कापडातले दोरे मोजायचं ते घडीचं छोटं भिंग. शेजारच्या घरातून ते आणलं आणि परत आलेला एक टी-शर्ट खिडकीत पसरला.

विणलेल्या कापडात, म्हणजे टेरिकॉट, पॉपलीन, खण यांत, उभे-आडवे दोरे एकमेकांखालून जातात. सुईने एखादा दोरा तोडला तरी शेजारचे दोरे त्याला धरून ठेवतात. होजिअरीचं तसं नाही. ते स्वेटरसारखं एकात एक अडकवलेल्या फासांचं कापड. एक फास तुटला की त्याच्या वरचा मोकळा होतो, मग त्याच्या वरचा. कापड नवीन, इस्त्री केलेलं असेपर्यंत तुटलेली टोकं जागच्या जागी दबून राहतात. धुताना पिळलं, वाळताना ताणलं, मुलाने डोक्यातून ओढून घातलं की ती सुटतात. म्हणून माल देताना भोक दिसलं नाही. ते शिवतानाच पडलं होतं, दिसलं नंतर.

भिंगातून दोन तऱ्हेची भोकं दिसली. काही ठिकाणी फासाचा दोरा स्वच्छ कापलेला, दोन्ही टोकं आखूड आणि सरळ. काही ठिकाणी दोरा कापलेला नव्हता, ओढला गेला होता. टिपेच्या बाजूला ताणलेली चकचकीत रेघ आणि तिच्या शेवटी तंतू पिंजून तुटलेले. तऱ्हा दोन, म्हणजे कारणंही बहुधा दोन असावीत, असं तिथेच वाटलं.

मग दोऱ्याशिवाय टीप मारायची चाचणी केली. ज्यांना होजिअरी शिवायची असते त्यांनी ही चाचणी शिकूनच घ्यावी, इतकी ती उपयोगी आहे. वरचा दोरा काढायचा, बॉबिन काढायचं. त्याच कापडाच्या हातभर लांब तुकड्यावर नेहमीच्या वेगाने कोरडी टीप मारायची. मग तुकडा टिपेच्या आडवा ताणून उजेडाला धरायचा. दोरा नसल्यामुळे झाकायला काही उरत नाही, सुईने कापडाचं काय केलं ते उघडं दिसतं. सुईने फास बाजूला सारले असतील तर चार-सहा वेळा ताणल्यावर भोकं मिटत जातात. फास कापले असतील तर तीच भोकं मोठी होतात.

तिन्ही जुकींवर हे केलं. पहिल्या मशीनच्या तुकड्यावर ओढलेल्या रेघा. दुसऱ्यावर थोड्या रेघा, थोडी भोकं. तिसऱ्यावर, जिथे त्या मुलीने नवी सुई घातली होती तिथे, दर चार-पाच टाक्यांमागे एक स्वच्छ भोक.

तीन सुया

मोटर बंद करून तिन्ही सुया काढल्या आणि कुठली कुठल्या मशीनची ते कागदावर लिहून ठेवलं.

पहिली सुई डोळ्यांना ठीक दिसत होती. तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढलं तर नखावर पांढरा ओरखडा उठला. चांगल्या सुईचं टोक नखावरून घसरतं, खरवडत नाही. पिक ग्लासखाली धरल्यावर टोकाला एका बाजूला वळलेली बारीक कड दिसली. बहुधा कधीतरी टाचणीवर किंवा पट्टीच्या, म्हणजे सुई जिच्या भोकातून खाली जाते त्या धातूच्या पत्रीच्या, कडेवर आपटलेली असावी. ही सुई प्रत्येक टाक्याला कापडाचा दोरा आकडीसारखा ओढत होती. नायलॉनचा जुना मोजा असेल तर अशी सुई त्यावरून फिरवून बघावी, जिथे अडकेल तिथे दोष. ही सुई हंगामाच्या सुरुवातीपासून मशीनवर होती. मोडली नव्हती, म्हणून बदलली नव्हती.

दुसरी सुई वाकलेली होती. फार नाही. टेबलाच्या काचेवर ठेवून बोटाने लोळवली तर टोक वरखाली डुलत होतं. एवढा बाक डोळ्यांना हातात धरून दिसत नाही. या मशीनवरच्या शर्टांत मधूनच टाके सुटलेले असायचे, ते याच्यामुळे. टाका कसा बनतो ते इथे सांगायला हवं. सुई सगळ्यात खाली जाऊन दोनएक मिलिमीटर वर येते तेव्हा कापडात अडलेला दोरा मागच्या बाजूने फुगतो आणि त्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक नेमकं त्या क्षणी त्या फासातून जातं. सुईला डोळ्याच्या वर, मागच्या अंगाला, एक खोलगट भाग खरवडलेला असतो तो यासाठीच. शटलचं टोक तिथून सुईला जवळजवळ घासून जातं. मधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जास्त असू नये. आता सुई केसभर वाकली की हा सगळा हिशोब चुकतो. फास एकीकडे, शटल दुसरीकडे. टाका सुटतो, आणि आपण ताणाचा स्क्रू फिरवत बसतो.

तिसरी सुई. नवी, सरळ, नखावरून गुळगुळीत. तिच्यात झीज शोधून सापडली नसती. दांड्यावर आकडा होता १६.

सोळा नंबर म्हणजे काय? पाकिटावर १००/१६ असं लिहिलेलं असतं. १०० हा जाडीचा आकडा, मिलिमीटरचे शंभर भाग. म्हणजे ही सुई पुरी १ मिलिमीटर जाड. १४ नंबर म्हणजे ०.९, ११ नंबर म्हणजे ०.७५ आणि ९ नंबर म्हणजे ०.६५. आपल्याकडे दुकानात "मशीनची सुई द्या" म्हटलं की न विचारता सोळा किंवा चौदा हातात पडते, कारण वर्षानुवर्षं पँटी, पिशव्या, खादी, जाड सुती यांसाठी तीच चालत आली. टेरिकॉटच्या पँटीला सोळा ठीक. शर्टाला मात्र तीही जाडच. आणि टी-शर्टच्या होजिअरीत १ मिलिमीटरचा खिळा दर टाक्याला ठोकायचा म्हणजे फास जाणार कुठे?

जाडी हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा टोकाचा. साध्या सुईचं टोक अणकुचीदार असतं, ते समोर आलेला दोरा भेदून जातं. विणलेल्या कापडात हे चांगलं, टीप सरळ बसते. होजिअरीला बॉल पॉइंट सुई लागते. तिच्या टोकाला नावाप्रमाणे किंचित गोलाई असते. ती दोऱ्यावर आली तर त्याला बाजूला सारते आणि फासांमधल्या मोकळ्या जागेतून उतरते. कारखानी सुयांच्या पाकिटांवर यासाठी एसईएस अशी अक्षरं असतात. केंद्रात असलं एकही पाकीट नव्हतं. सगळ्या मशीनला, सगळ्या कापडाला, एकच सोळा नंबर, अणकुचीदार.

नव्या सुईवर जास्त भोकं का, याचं उत्तर एवढंच. पहिली सुई झिजून खराब झाली होती, ती ओढत होती. तिसरी धारदार होती, ती कापत होती. सुई बदलायची वेळ कधी येते, याला दोन वेगळी उत्तरं आहेत आणि ती आपण एकात मिसळतो. सुई झिजली की बदलायची, हे एक. कापड बदललं की बदलायची, सुई नवी असली तरी, हे दुसरं. वर्गात पहिलं सगळे शिकवतात. दुसरं सांगितलं जातं, पण हातात बसेल इतकं ते घोटून घेतलं जात नाही, आणि माझ्या मते शिवणकेंद्रांतलं जास्त नुकसान या दुसऱ्यामुळे होतं.

मे महिन्याचाही यात थोडा हात होता. होजिअरीचं कापड गिरणीत शेवटी मऊ करतात, त्यामुळे सुईखाली फास सरकायला सोपे जातात. तो मऊपणा कमी पडला किंवा कापड फार कोरडं झालं तर फास जागचे हलत नाहीत, तुटतात. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेले तागे किती कोरडे होत असतील, ते वेगळं सांगायला नको. तागे आतल्या खोलीत ठेवा, एवढं सुचवलं.

दोऱ्याचं टोक

टेरिकॉटवर आणखी एक तक्रार होती, दोरा सारखा तुटतो. टोपलीत पडलेले दोऱ्याचे तुकडे उचलून पाहिले. तुटलेल्या दोऱ्याचं टोक बरंच काही सांगतं. टोक कुंचल्यासारखं पिंजलेलं असेल तर दोरा सुईच्या डोळ्यात किंवा खाचेत घासला जातोय. एकतर डोळा खडबडीत झालाय, नाहीतर दोऱ्याच्या मानाने लहान आहे. टोक चाकूने कापल्यासारखं असेल तर शटलला किंवा पट्टीला कुठेतरी धार आली आहे. आणि टोकाला बारीक कडक मणी असेल तर दोरा वितळला आहे.

इथे मणी होते. जुकीवर सलग लांब टिपा मारल्या की सुई घर्षणाने तापते. मोठ्या कारखान्यांत मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांच्या वेगाला ती २०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पॉलिस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं. जाड सुई, दाट टेरिकॉट, कॉलरचे चार थर आणि पाय दाबून ठेवलेला, मग डोळ्याशी दोरा मऊ होतो, थोडा चिकटतो, पुढच्या टाक्याला तुटतो. त्या वितळलेल्या पॉलिस्टरचा थर डोळ्यात आणि खाचेत बसतो. अशी सुई बोटांनी चाचपली तर गुळगुळीत लागत नाही. ती पुसून परत लावण्यात अर्थ नसतो, बदलावीच लागते.

डोळा दोऱ्याला पुरतो का हे पाहायची एक साधी रीत आहे. मशीनमधून सुई काढायची, तोच दोरा वीतभर-दीडवीत ओवायचा, दोन्ही टोकं ताणून तिरकी धरायची. सुई आपल्या वजनाने खाली घसरायला हवी. अडखळत असेल तर दोरा जाड किंवा सुई बारीक. झपकन पडत असेल तर सुई गरजेपेक्षा मोठी, मोठं भोक उगाच.

सुया आणल्यावर

तालुक्याला मिळाल्या नाहीत. सोलापुरातून अकरा आणि चौदा नंबरच्या बॉल पॉइंट, शर्टासाठी अकरा आणि चौदाच्या साध्या, आणि ओव्हरलॉकच्या वेगळ्या अशा आणल्या. ओव्हरलॉकची सुई, जुकीची सुई आणि घरगुती मशीनची सुई या तीन वेगळ्या जाती आहेत. जुकीची डीबी×१, तिचा दांडा गोल. घरच्या मशीनची एचए×१, तिचा दांडा एका बाजूने चपटा. ओव्हरलॉकची पाकिटावरचा प्रकार बघूनच घ्यावी, जुनी सुई बरोबर नेलेली बरी. नंबर सारखा म्हणून एकीची दुसरीला लावायची नाही, बसली तरी टाका घेणार नाही.

बसवतानाही बघावं लागतं. लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला आणि खोलगट भाग शटलकडे. गोल दांड्याची सुई कशीही फिरू शकते, म्हणून जुकीवर ही चूक सहज होते. सुई वर ठेचेपर्यंत चढवायची, स्क्रू आवळायचा आणि पहिले दोन-चार टाके चाक हाताने फिरवून घ्यायचे.

अकरा नंबरची बॉल पॉइंट लावून पुन्हा कोरडी टीप मारली. पहिल्या आणि दुसऱ्या मशीनवर भोकं ताणल्यावर मिटली. तुकडा धुऊन, पिळून, वाळवून पुन्हा पाहिला, काही नाही. तिसऱ्या मशीनवर नवीच अडचण निघाली : भोकं गेली आणि टाके सुटायला लागले.

इथे मिस्त्रीला परत बोलवावं लागलं, आणि या वेळी त्याने नेमकं काम केलं. शटल पूर्वी सोळा नंबरच्या जाड सुईला धरून बसवलेलं होतं. तिच्या जागी पाव मिलिमीटर बारीक सुई आल्यावर सुई आणि शटल यांमधलं अंतर वाढलं. त्याने शटल सुईच्या जवळ घेतलं. दुसरं, या मशीनच्या पट्टीचं भोक जाड कामासाठी मोठं होतं. मऊ होजिअरी सुईबरोबर त्या भोकात खाली ढकलली जायची आणि सुईबरोबरच वर यायची, मग दोऱ्याचा फास फुगणार कसा? लहान भोकाची पट्टी आणि तिला जुळणारे, कापड पुढे सरकवणारे बारीक दाते बसवले. त्यानंतर टाके धरले. जुन्या पट्टीच्या भोकाच्या कडेला सुया आपटून पडलेले चरे बोटाला लागत होते. त्या चऱ्यांनीही दोरा आणि कापड दोन्ही खरवडलं असणार. सुई मोडली की फक्त सुई बदलून पुढे जायचं नाही, पट्टीवरून बोट फिरवून बघायचं, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

बटणपट्टीचा प्रश्न राहिला. तिच्यात फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं अस्तर असतं, खाली कापडाचे थर, आणि कॉलरला भेटते तिथे आणखी थर. तिथे अकरा नंबर वाकायला लागली. त्या एका कामाला चौदा नंबरची बॉल पॉइंट ठेवली आणि ते काम एकाच मशीनवर दिलं. बाकी गळा आणि दुमड अकरावर.

किती दिवसांनी बदलायची

सगळ्यांना एक आकडा हवा होता. घरी शिवणाऱ्यांसाठी सांगितला जाणारा ढोबळ नियम आहे, आठ-दहा तास प्रत्यक्ष शिवण झालं की सुई बदला. केंद्रात प्रत्यक्ष शिवण म्हणजे किती, हे पाहायला टाक्यांचा हिशोब मांडला. अडीच मिलिमीटरचा टाका धरला तर एक मीटर टिपेत ४०० टाके. एका कपड्यात दहा मीटर टीप असेल तर ४०००. दिवसाला पंचवीस कपडे एका मशीनवरून गेले तर एक लाख टाके, म्हणजे तेच टोक एक लाख वेळा कापडात गेलं. हे ऐकल्यावर हंगामभर एक सुई चालवल्याचं कुणी समर्थन केलं नाही.

वयाने सगळ्यांत मोठ्या, पायमशीनवर शिवणाऱ्या मामींचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "सुई एकदा बसली की तिला हलवू नये. नवी आली की दोन दिवस टीप वाकडी." जुन्या हातांच्या शिंप्यांकडून हे मी पुष्कळदा ऐकलं आहे. त्यात तथ्य एवढंच की नवी सुई नीट चढवली नाही तर टीप बिघडते. पण त्याच मामींनी एक गोष्ट सगळ्यांच्या आधी ओळखली होती. पहिल्या जुकीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ही मागल्या महिन्यापासून टप-टप वाजतीया." चांगली सुई कापडात जाताना आवाज मऊ येतो. बोथट सुई कापडाला आधी दाबते आणि मग फोडते, त्याचा तो ठोका असतो. दाट टेरिकॉटवर तो स्पष्ट येतो. मला विचाराल तर तासांच्या आकड्यापेक्षा हा कान जास्त भरवशाचा. ठोका ऐकू आला, टिपेच्या आडव्या चकचकीत रेघा दिसल्या, ताण न बदलता चुण्या पडायला लागल्या, टाका सुटला, दोरा पिंजला, यातलं एकही झालं की आधी सुई बदलायची. ताणाचा स्क्रू, शटल, मिस्त्री हे सगळं त्यानंतर. दहा-पंधरा रुपयांच्या सुईने सुरुवात करण्यात तोटा काहीच नाही.

शेवटी ठरलं असं. हंगामात जुकीची सुई रोज सकाळी काम सुरू करताना बदलायची, हंगाम नसेल तेव्हा आठवड्याला. कापडाची जात बदलली की दिवसाच्या मध्येही बदलायची. काढलेली सुई चांगली असेल तर ती कापडानुसार खुणा केलेल्या फोमच्या तुकड्यात खोचायची. मशीन बंद करताना, आत जी सुई आहे तिच्या कापडाची चिंधी फूटखाली दाबून ठेवायची. सकाळी येणारी कुणीही असो, मॅटीची चिंधी दिसली की आत बॉल पॉइंट आहे हे तिला कळतं. खंडेनवमीला मशिनं पुसून, तेल देऊन, हळदकुंकू वाहिलं जातंच. त्या दिवशी सगळ्या मशीनच्या पट्ट्या काढून चरे बघायचे, हेही अध्यक्ष ताईंनी त्यात घातलं.

मोडलेल्या सुईचा नियम वेगळा केला, कारण तो सुरक्षेचा आहे. लहान मुलांच्या कपड्यात सुईचा तुकडा राहिला तर काय होईल ते सांगायला नको. निर्यातीच्या कारखान्यांत मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, आणि तुकडा सापडला नाही तर आसपासचा माल बाजूला काढून तपासतात. केंद्रातही आता एका वहीत मोडलेली सुई जोडून पारदर्शक चिकटपट्टीने लावतात, शेजारी तारीख आणि मशीन. लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलंय. झिजलेल्या सुया कचऱ्यात न टाकता झाकणाच्या डबीत जातात.

घरी शिवणाऱ्यांना या प्रकरणातून थेट घेण्यासारखं म्हणजे रेशमाचं काम. काठपदर साडीचं ब्लाउजपीस किंवा पैठणी सोळा नंबरने शिवू नका. रेशमात पडलेलं भोक सुती कापडासारखं धुतल्यावर भरून येत नाही, आणि टीप उसवून पुन्हा घातली तर पहिली रांग कायमची दिसते. नऊ किंवा अकरा नंबरची नवी, अणकुचीदार सुई लावा, आणि जरीच्या काठावर टीप मारून झाल्यावर ती नखावरून फिरवून बघा, कारण जर टोकाला लवकर खराब करते.

परत आलेल्या टी-शर्टांचं काय केलं, हे बायकांनी खूप वेळ बोलून ठरवलं. जिथे फास नुकता सुटला होता तिथे आतून बारीक फ्युजिंगचा ठिपका इस्त्रीने बसवला आणि वरून हाताने दोन टाके घातले. त्याने उसवण थांबते, भोक नाहीसं होत नाही. ज्यांची रेघ वर गेली होती ते टी-शर्ट केंद्राने स्वतःच्या पैशाने पुन्हा शिवून दिले. अजून दिले न गेलेले, गोदामात पडलेले टी-शर्ट एकेक ताणून उजेडात पाहिले आणि त्यातलेही काही बाजूला काढले.

पुढची ऑर्डर मुलींच्या लायक्राच्या स्लॅक्सची आहे. लायक्रात बॉल पॉइंटनेही टाके सुटू शकतात, कारण कापड सुईला चिकटून ताणलं जातं आणि दोऱ्याचा फास फुगायला जागाच मिळत नाही. त्या कामातल्या घरगुती मशीनसाठी स्ट्रेच सुया मागवल्या आहेत. एचए×१एसपी असं पाकिटावर लिहिलेलं असतं आणि त्यांचा मागचा खोलगट भाग जास्त खोल असतो. कापड येताच कापणीच्या आधी तुकडा काढून कोरडी टीप मारायची, तो धुवायचा, मगच थर लावायचे, असं ठरलं आहे.